हीट पंपाला नावं ठेवण्याआधी त्याची फिटिंग तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की नागपुरात पहाटेचा पारा दहाच्या आसपास येतो, आणि त्याच दिवसांत बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, हुडकेश्वर, वर्धा रोड अशा सगळ्या बाजूच्या नव्या फ्लॅट स्कीममधून एकच तक्रार ऐकू येते, पाणी तापवायचा हीट पंप लावून दिला पण पाणी काही तापत नाही. बुकिंगच्या वेळी चोवीस तास गरम पाणी म्हणून सांगितलेलं असतं, सोसायटीच्या कॉमन मीटरचं बिल दर महिन्याला वाढून येतं, आणि नळाला येतं ते कोमट पाणी, तेही बालटीभर गार पाणी वाहून गेल्यावर. मग लोक म्हणतात हे मशीनच फालतू आहे, आपल्याकडच्या थंडीत चालत नाही, काढून टाका. हे चुकीचं आहे आणि याच्यापायी लोकांचं नुकसान होऊन राहिलं आहे म्हणून हे पत्र लिहिते आहे, जरा लांबलं तर सांभाळून घ्यावं.

नुकसान फक्त पैशाचं नाही. पाणी तापत नाही म्हणून लोकांनी बाथरूममध्ये बालटीत टाकायचा रॉड परत आणला आहे, ज्या घरात सकाळी लहान पोरं शाळेच्या घाईत आंघोळीला पळतात आणि म्हातारी माणसं ओल्या हाताने बालटी सरकवतात त्या घरात. कोणी गॅस गिझर लावून घेतला आहे आणि तोही बंद बाथरूममध्ये, खिडकीला काच लावून. गॅस गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना कळतही नाही. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात. हे धोके टळावेत म्हणूनच तर सगळ्या बिल्डिंगला एकाच टाकीतून गरम पाणी देणारं एवढं महागाचं सेंट्रल सिस्टम असतं, ते चालत नसेल तर का चालत नाही हे शोधायलाच पाहिजे, गुपचूप रॉड घेऊन येणं हा उपाय नाही.

मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवून रिटायर झाले, आता आमच्या स्कीमच्या कमिटीवर आहे. खालच्या मजल्यावरचे रेल्वेच्या इलेक्ट्रिकल खात्यातून रिटायर झालेले काका आणि मी, आम्ही दोघांनी मिळून आमचं सिस्टम पाईप पाईप करून तपासलं, त्यातून जे कळलं ते सगळ्यांच्या कामी यावं असं वाटतं.

आधी ते थंडीचं. हीट पंप म्हणजे उलटा लावलेला फ्रीज. फ्रीज आतल्या सामानातली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर फेकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात टाकतो, वीज लागते ती फक्त कॉम्प्रेसर, पंखा आणि पंप फिरवायला. म्हणून एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट इतकी उष्णता पाण्यात जाते, गिझरमध्ये एकाला एकच. हिशोब सोपा आहे, १००० लिटर पाणी २० अंशावरून ५० वर न्यायचं तर ३०,००० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळपास ३५ युनिट, हे गिझरने केलं तर ३५ च्या ३५ मीटरवर येणार आणि हीट पंपाने केलं तर १२ च्या आसपास. हवा गार झाली की हा फायदा कमी होतो हे खरं, पण संपत नाही. नागपुरात नोंद झालेलं सगळ्यात कमी तापमान २९ डिसेंबर २०१८ चं, ३.५ अंश. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये शून्याच्या खाली आठवडेच्या आठवडे जातात आणि तिथे घरंच्या घरं हीट पंपावर गरम राहतात. तेव्हा ८-१० अंशाला आमचं मशीन चालत नाही असं कोणी सांगून राहिलं असेल तर त्याला विचारा, मशीन चालत नाही की तुम्ही बसवलं तसं चालत नाही?

आमच्याकडे काय झालं ते सांगते. पहिल्या तक्रारीला सप्लायरचा मुलगा आला, म्हणाला काकू मशीनच्या आत फिरणारा गॅस कमी आहे, भरून देतो. दुसऱ्यांदा आला तेव्हा सेटिंग वाढवून गेला. तरी पाणी कोमटच, मग टाकीतला बॅकअप हिटर कायमचा चालू करून गेला, आणि खरंच आठ-दहा दिवस लोक खूष होते, पाणी तापत होतं. मग लाईटचं बिल आलं. बॅकअप हिटर म्हणजे साधी गिझरची कॉइल, एका युनिटला एकच युनिट देणारी, ती कायम चालू ठेवली तर हीट पंप लावला कशाला? त्या पोराचा राग नाही मला, त्याला जे शिकवलं तेवढं तो करत होता, एसीचं काम तो चांगलं करतो. पण या तिन्ही उपायांत कोणी एकदाही थर्मामीटर लावून पाहिलं नव्हतं. ताप किती आहे ते न पाहताच गोळ्या बदलत राहायचं, असा तो प्रकार होता.

आम्ही पहिलं काम केलं ते मोजायचं. साधं डिजिटल थर्मामीटर, स्वयंपाकघरात वापरतात ते पण चालतं. पहाटे टाकीच्या आउटलेटला पाणी किती अंश, सगळ्यात वरच्या फ्लॅटच्या नळाला किती, सगळ्यात खालच्या आणि लांबच्या फ्लॅटला किती, आणि मशीनमध्ये जाणारं पाणी किती, निघणारं किती. एवढ्या पाच आकड्यांत बहुतेक रोग कळतो. आमच्या टाकीवर ५१ होतं आणि खालच्या फ्लॅटला नळ बराच वेळ सोडून ठेवला तरी ३७. म्हणजे मशीन आपलं काम करून राहिलं होतं! उष्णता रस्त्यात हरवत होती, आणि गॅस भरून ती सापडणार नव्हती.

रस्ता म्हणजे डक्टमधले, बिल्डिंगच्या वरपासून खालपर्यंतच्या उभ्या पोकळीतले पाईप. डक्टचं झाकण उघडलं तर वरचे दोन मजले पाईपांवर काळ्या नायट्राईल रबराचं इन्सुलेशन होतं, त्याच्या खाली काहीच नाही, उघडे सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लॅस्टिकचे पाईप, एका जागी तर गरम आणि गार दोन्ही पाईप एकाच क्लॅम्पमध्ये चिकटवून बांधलेले. डक्ट वरून मोकळा, रात्रभर थंड हवा त्याच्यातून फिरते. बिल्डरच्या माणसाने जिथवर कोणाची नजर जाते तिथवरच काम केलेलं होतं. आणि रिटर्न लाईन, ही फार महत्त्वाची चीज आहे आणि लोकांना माहीतच नसते. उंच बिल्डिंगमध्ये गरम पाण्याचा पाईप खालपर्यंत येऊन तिथून एक बारीक पाईप परत टाकीकडे जातो, त्याच्यावर छोटा पंप असतो, तो पाणी फिरवत ठेवतो म्हणून नळ सोडल्याबरोबर गरम पाणी मिळतं. आमच्याकडे तो पंप बंद होता. बिल वाढतं म्हणून कोणीतरी वॉचमनला तो बंद ठेवायला सांगितलं होतं. पंप बंद म्हणजे प्रत्येक घरात रोज सकाळी पाईपमधलं गार पाणी मोरीत सोडून द्यायचं, ज्या भागात टँकर मागवावे लागतात तिथे हे पाणी वाया जाणं मला तर विजेपेक्षा जास्त लागतं. पंप चोवीस तास चालवायची गरज नाही हेही खरं, पाईप उघडे असताना तो रात्रभर चालवला तर टाकी गार करायचं काम तोच करतो. आधी इन्सुलेशन, मग पंपाला टायमर, सकाळी ५ ते १० आणि संध्याकाळी थोडा वेळ, बस झालं. आणि त्या रिटर्न लाईनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, आहे की नाही ते पाहा. नसेल तर सकाळी सगळ्यांचे नळ एकदम सुटले की टाकीच्या तळाचं गार पाणी रिटर्न लाईनमधून उलटं वाहून नळाला येतं, वर टाकीत गरम पाणी भरलेलं आणि खाली लोक बोंबलतात.

आता सगळ्यात दडलेला रोग सांगते, हा आमचा आम्हाला सापडायला सगळ्यात उशीर लागला आणि माझ्या मते नव्या स्कीममध्ये हा घरोघरी असणार. नव्या बाथरूममध्ये सिंगल लिव्हर मिक्सर, म्हणजे एकाच दांडीने गरम-गार पाणी मिसळणारे नळ असतात, आणि काही जण त्या मिक्सरच्या पुढे बटण दाबून बंद होणारा हँड शॉवर किंवा जेट स्प्रे लावून घेतात. माणूस मिक्सर उघडाच ठेवतो आणि पुढचं बटण सोडतो, पाणी बंद झालं म्हणून निघून जातो. पण मिक्सरच्या आत गरम आणि गार दोन्ही लाईन जोडलेल्या राहिल्या ना! त्यात बहुतेक स्कीममध्ये वरच्या मजल्यांना प्रेशर यावं म्हणून गार पाण्याच्या लाईनवर प्रेशर पंप असतो आणि गरम लाईन नुसती टाकीच्या उंचीवर चालते. मग गार पाणी जोराने त्या मिक्सरमधून गरम लाईनमध्ये घुसतं आणि आजूबाजूच्या तीन-चार फ्लॅटला कोमट पाणी जातं. ज्याच्या घरातून घुसतं त्याची तक्रार नसतेच, शेजारचे ओरडतात, आणि टेक्निशियन येतो तो शेजाऱ्याच्या घरी. शोधायचं कसं तर टाकीवरून निघणाऱ्या गरम लाईनचा व्हॉल्व्ह बंद करा, रिटर्नचाही बंद करा, मग खालच्या फ्लॅटचा गरम नळ सोडा. पाईपमध्ये साठलेलं पाणी निघून गेलं की नळ कोरडा पडला पाहिजे. पाणी येतच राहिलं तर समजा कुठून तरी गार पाणी गरम लाईनमध्ये येऊन राहिलं आहे. मग एकेका फ्लॅटचा गरम लाईनचा व्हॉल्व्ह बंद करत जा, ज्या घराचा बंद केल्यावर धार थांबली ते घर सापडलं. आमच्याकडे अशी दोन घरं निघाली, एका घरी तर मिक्सरच्या आतलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी मिसळणारा आणि बंद करणारा भाग, झिजलं होतं, त्या ताईंनी काहीच केलं नव्हतं. उपाय अगदी स्वस्तातला, त्या घराच्या गरम आणि गार दोन्ही कनेक्शनला छोटे एनआरव्ही टाकायचे आणि कार्ट्रिज बदलायचं. दुसऱ्याच दिवशी खालच्या फ्लॅटच्या आजोबांच्या नळाला ४६ अंश पाणी आलं, त्यांची सून स्वतः वर सांगायला आली.

मशीन ठेवलंय कुठे हेही पाहून घ्या. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो म्हणजे त्याच्यातून निघणारी हवा थंडगार असते. मशीन मोकळ्या स्लॅबवर असलं तर ती हवा निघून जाते, पण पुष्कळ ठिकाणी दिसायला बरं दिसत नाही म्हणून किंवा उन्हापावसापासून जपायचं म्हणून चारही बाजूंनी पत्रे ठोकून देतात, नाहीतर लिफ्ट रूमच्या मागच्या बोळकांडीत बसवतात. मग मशीन स्वतःच सोडलेली गार हवा परत आत घेतं, बाहेर १४ अंश असले तरी मशीनच्या तोंडाशी ७-८, आणि हवेतली उष्णता ओढणाऱ्या कॉइलवर बर्फ चढतो. थर्मामीटर मशीनच्या हवा घेणाऱ्या बाजूला ठेवा आणि एकदा मोकळ्या जागी ठेवा, दोन-तीन अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर पत्रा काढा. वरून छप्पर असायला हरकत नाही, बाजू मोकळ्या पाहिजेत. आणि कॉइल धुवा. नव्या स्कीममध्ये मशीन आधी लागतं आणि फ्लॅटचं फिनिशिंग नंतर चालत राहतं, ग्रॅनाईट कापायची धूळ, पीओपीची धूळ, ती सगळी कॉइलच्या पात्यांत जाऊन बसते. नवं मशीन म्हणून कोणी पाहत नाही. मशीनखालून पाणी गळतं म्हणून काही लोक घाबरतात, ते हवेतलं बाष्प थंड कॉइलवर जमून पडतं, एसीसारखंच, त्याची काळजी नको.

बोअरच्या पाण्याचं वेगळं लिहायला पाहिजे. शहराच्या आत पेंच-कन्हानचं नळाचं पाणी मिळतं, पण बाहेरच्या बऱ्याच स्कीम बोअरवर आणि टँकरवर आहेत आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हटलं आहे. हे पिण्याचं झालं, तापवायच्या पाण्याला २०० सुद्धा कमी नाही कारण पाणी जितकं तापतं तितके क्षार पटपट चिकटतात, आणि हीट पंपात ते नेमके जिथून उष्णता पाण्यात जायची त्या कॉइलवर चिकटतात. मग गॅसमधली उष्णता पाण्यात उतरत नाही, आतलं प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर जास्त ॲम्पिअर खातो आणि शेवटी हाय प्रेशर म्हणून ट्रिप होतो. बाहेर हवा चांगली गरम असतानाही मशीन हाय प्रेशरला ट्रिप होत असेल तर आधी मशीनच्या पाण्याच्या पंपापुढची जाळी साफ करा, ती कचऱ्याने भरली की पाणी कमी फिरतं आणि लक्षणं तीच दिसतात, ती साफ असेल तर क्षार समजा. डिस्केलिंग, म्हणजे क्षार काढायचं काम करून घ्या, पण कोणालाही बोलावून ॲसिड ओतू नका, कॉइल कोणत्या धातूची आहे त्याप्रमाणे केमिकल वेगळं असतं, पातळ कॉइलला भोक पडलं तर पूर्ण मशीन गेलं. दरवर्षी पावसाळ्यानंतर, थंडीच्या आधी करायचं काम आहे हे, आणि पाणी फारच क्षाराचं असेल तर गरम लाईनपुरता तरी सॉफ्टनर बसवा. टीडीएसचं, म्हणजे पाण्यात एकूण विरघळलेलं किती आहे ते दाखवणारं पेन बुडवून आकडा सांगणाऱ्यांवर जाऊ नका, टीडीएस वेगळा, कठीणपणा वेगळा, लॅबमध्ये पाणी तपासून घ्या, फार खर्च येत नाही.

वेळेचं तर मला फारच वाटतं. आमच्या मशीनचा टायमर पहाटे २ ते ६ लावलेला होता, सकाळी पाणी पाहिजे म्हणून. म्हणजे चोवीस तासांतली सगळ्यात गार हवा निवडून मशीनला राबवायचं! नागपूरची थंडी लेह-लडाखची थंडी नाही, इथे पहाटे १० असते तेव्हा दुपारी २८ च्या जवळ असते. तेच मशीन दुपारी १२ ते ५ चालवलं तर तेवढ्याच विजेत जास्त उष्णता मिळते आणि कॉइलवर बर्फही चढत नाही. टाकीचं इन्सुलेशन चांगलं असेल तर दुपारी ५५ ला ठेवलेलं पाणी सकाळपर्यंत तीन-चार अंशच उतरतं, पहाटे थोडा वेळ मशीन चाललं की भरून निघतं. टाकी लहान असेल तर दोन वेळा चालवावं लागेल, पण मुख्य काम दुपारीच करून घ्या. आणि लाईट जाऊन आली की काही टायमर शून्यावर येतात, त्यांना बॅटरी असते ती गेलेली असते, मग मशीन भलत्याच वेळेला चालतं आणि कोणाला पत्ता नसतो. थ्री फेज मशीनमध्ये एक फेज उडाली की आतलं प्रोटेक्शन मशीन बंद ठेवतं आणि पॅनेलवर लाल दिवा लावून बसतं, वर स्लॅबवर जाऊन तो दिवा पाहणारं कोणी पाहिजे. आमच्या वॉचमनला आता रोज सकाळी पॅनेलचा फोटो ग्रुपवर टाकायला सांगितलं आहे, एवढ्यानेही खूप फरक पडला.

बॅकअप हिटरला वेगळं सब-मीटर लावून घ्या म्हणजे तो किती खातो ते दिसतं. त्याचं खरं काम दोनच वेळचं, मशीन बंद पडलं तर, आणि अधूनमधून टाकी ६० अंशावर नेण्यासाठी. हे दुसरं लोक विसरतात. वीज वाचते म्हणून टाकी कायम ४० वर ठेवायची ही चांगली गोष्ट नाही, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, त्यांच्यापासून न्यूमोनिया होतो, म्हाताऱ्या माणसांना जास्त धोका.

गॅसबद्दल. नव्या मशीनचा गॅस संपत नसतो, तो बंद लाईनमध्ये फिरत राहतो. कमी झाला म्हणजे लीक आहे. म्हणून कोणी गॅस भरतो म्हणाला की आधी लीक कुठे आहे ते दाखवा म्हणा, साबणाचं पाणी किंवा नायट्रोजनचं प्रेशर लावून शोधता येतं, ते बंद करा, व्हॅक्यूम करा, आणि मग मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरा. अंदाजाने भरलेला जास्तीचा गॅस कमी गॅसइतकाच त्रास देतो. खरंच गॅस कमी असेल तर मशीन तासन्तास चालूनही पाणी तापायला फार वेळ लागतो, कॉम्प्रेसरचे ॲम्पिअर नेहमीपेक्षा कमी येतात आणि कॉइलच्या एकाच भागावर बर्फ दिसतो, बाकी कोरडी. ही लक्षणं नसताना सिलिंडर जोडू देऊ नका.

ज्यांनी नव्या घरात खोली गरम करायला हॉट अँड कोल्ड एसी घेतला आहे त्यांच्यासाठी थोडंसं, कारण तोही हीट पंपच आहे. आधी मशीन खरंच हॉट अँड कोल्ड आहे का ते पाहा, रिमोटवर सूर्याचं चिन्ह असतं पण आतमध्ये गॅस उलटा फिरवणारा व्हॉल्व्हच नसतो असं होतं, रिमोट सगळ्या मॉडेलला एकच देतात. स्टार रेटिंगचा आकडा फक्त गार करण्याचा असतो, गरम करण्याबद्दल तो काही सांगत नाही. एसी भिंतीवर उंच बसवलेला, गरम हवा वरच राहते, तिथलाच सेन्सर म्हणतो खोली तापली आणि खाली पलंगावर आई कुडकुडते, म्हणून हवेची पाती पूर्ण खाली करा, पंखा मध्यम वेगाला, सेटिंग दोन अंश वर, आणि छताचा पंखा अगदी हळू चालवून पाहा. मधेच पाच-दहा मिनिटं हवा बंद होऊन बाहेरच्या मशीनमधून वाफ निघाली तर घाबरू नका, मशीन आपल्या कॉइलवरचा बर्फ वितळवतं.

हे सगळं करूनही पाणी पुरत नसेल तर मात्र मशीनच लहान आहे का हे तपासायची वेळ आली. २४ फ्लॅट, घरी ४ माणसं, माणशी ४० लिटर ४० अंशाचं पाणी धरलं तर ३८४० लिटर होतं. नळाचं पाणी २० अंशाला येतं असं धरलं तर टाकीत ५० अंशाचं २५६० लिटर पाणी पाहिजे, आणि त्याला जवळपास ८९ युनिट इतकी उष्णता लागते. मशीन तासाला १२ युनिट उष्णता देत असेल तर रोज साडेसात तास चालावं लागेल, आणि मशीनवर लिहिलेली क्षमता बहुतेक वेळा २० अंशाच्या हवेला मोजलेली असते, थंडीत ती कमी भरते. हा हिशोब बिल्डरकडे मागा. पहिल्या थंडीत अर्धे फ्लॅट रिकामे असतात म्हणून सगळं छान चालतं, दुसऱ्या-तिसऱ्या थंडीत सगळे राहायला आले की पाणी पुरत नाही आणि तोपर्यंत मशीनची वॉरंटी संपायला आलेली असते.

पण वॉरंटी संपली म्हणून बिल्डर सुटत नाही हे सगळ्यांना माहीत पाहिजे. रेरा कायदा २०१६ च्या कलम १४ मधल्या पोटकलम ३ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवा पुरवण्यात दोष निघाला आणि तो लक्षात आणून दिला तर ३० दिवसांत एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायची जबाबदारी बिल्डरची आहे, नाहीतर भरपाई द्यावी लागते. इन्सुलेशन न लावलेले पाईप, एनआरव्ही नसलेली रिटर्न लाईन, बोळकांडीत कोंबलेलं मशीन, हे सगळे माझ्या मते कामातले दोषच आहेत. महारेराचं, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं ऑफिस नागपुरातही आहे, मुंबईला जायची गरज नाही.

माझी बिल्डरांच्या संघटनांना कळकळीची विनंती आहे की सोसायटी हँडओव्हर करताना हीट पंपाचा क्षमतेचा हिशोब, पाईपांचा नकाशा आणि चालू करताना घेतलेल्या तापमानांची नोंद, हे तीन कागद द्यायची पद्धत पाडावी. आणि आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवणाऱ्या सरांना विनंती की पोरांना हीट पंपाची पाण्याची बाजूही शिकवा, गॅसची बाजू त्यांना येते, पुढची पाच-दहा वर्षं या शहरात हे काम भरपूर मिळणार आहे.

ज्या सोसायट्या या थंडीत बिल्डरला पत्र देणार आहेत त्यांनी नुसतं पाणी गरम येत नाही असं लिहू नये. टाकीचं, सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या नळाचं, मशीनच्या आतल्या-बाहेरच्या पाण्याचं आणि बाहेरच्या हवेचं तापमान एक आठवडाभर सकाळी ६ वाजता लिहून काढा, डक्टमधल्या उघड्या पाईपांचे फोटो काढा, कॉमन मीटरची मागच्या वर्षभराची बिलं लावा, सगळं पत्राला जोडा आणि पोच घ्या. ३० दिवस त्या पोचेच्या तारखेपासून मोजा.

आपली,
एक वाचक, बेसा रोड, नागपूर